ताईचा कन्सोल

ताईला फ्रिज घ्यायला दोन वर्षं लागली होती. दुकानं पालथी घातली, माहितीपत्रकांचा गठ्ठा जमवला, ओळखीपाळखीच्या घरी जाऊन त्यांच्या फ्रिजची दारं उघडून पाहिली, आणि मग एकदाचा घेतला. धाकटी म्हणायची, लोक ताक फुंकून पितात, आमची ताई आधी गाईची चौकशी करते.

यात ताईच्या धंद्याचाही हात होता. ती दात बनवायची. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि त्या मापावरून ताई आपल्या लॅबमध्ये कवळी घडवायची. केसाएवढी उंची जास्त झाली तरी माणसाला घास चावता येत नाही, हे तिनं तीस वर्षं पाहिलेलं. घाईत केलेलं काम परत येतं, हा तिचा आवडता सिद्धांत. धाकटीचं सगळं उलट. ती तरणतलावावर पोहायला शिकवायची. काठावर उभं राहून जास्त विचार केला की पाय गोठतात, हे ती रोज शिकाऊंना सांगायची आणि स्वतःही तसंच वागायची.

दोघी एकाच इमारतीत राहत. धाकटी नवऱ्यासोबत पहिल्या मजल्यावर, ताई एकटी तिसऱ्या. अकरा वर्षांपूर्वी धाकटीच्या नवऱ्यानं हौसेनं गेमिंग कन्सोल आणला, महिनाभरात त्याची हौस फिटली आणि तो डबा ताईकडे वर गेला. एका कंटाळवाण्या रविवारी बहिणींनी तो टीव्हीला जोडून पाहिला आणि तेव्हापासून रविवारची दुपार ठरून गेली. गेम एकच, गाड्यांच्या रॅलीचा. धाकटी गाडी चालवायची आणि ताई शेजारी बसून नकाशा वाचायची. पुढं उजवीकडे तीव्र वळण आहे, मग पूल, पुलानंतर लगेच उतार, असं ती इतक्या शांतपणे सांगायची, की धाकटीला कधी कधी डोळे मिटून चालवावंसं वाटे.

आता नवा कन्सोल बाजारात आला. धाकटीनं तलावावरच्या मुलींकडून त्याचं कौतुक ऐकलं आणि रविवारी वर येताच घेऊन टाकू म्हणाली. ताईनं चष्मा पुसला. मग एकेक मुद्दा काढला. नव्यात डिस्क घालायला खाचच नाही, म्हणजे आपला गेम त्यावर चालणार नाही. पहिल्या खेपेच्या यंत्रात काही ना काही खोट निघतेच, ती दुसऱ्यांना सोसू दे. शिवाय दोन वर्षांनी तेच यंत्र निम्म्या जाडीचं येतं. आणि टीव्हीखाली जागा कुठं आहे? विषय तिथंच राहिला.

पुढच्याच रविवारी जुन्या कंट्रोलरनं साथ सोडली. अंगठ्याखालची दांडी झिजत झिजत गेली होती, तिचं टोक तुटून धाकटीच्या मांडीवर पडलं. धाकटीनं चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला, पण मनातून ती खूश होती. आता ताईपुढं दुसरा इलाज नव्हता.

इलाज ताईच्या लॅबमध्येच होता. सोमवारी तिनं तुटलेल्या टोकाचं माप घेतलं, कवळीच्या हिरडीसाठी वापरतात तो गुलाबी मसाला कालवला, साच्यात ओतून नवं टोक घडवलं आणि घासून गुळगुळीत केलं. मध्ये अंगठा बसेल असा हलका खळगाही ठेवला. संध्याकाळी धाकटीनं चालवून पाहिलं, तर कंट्रोलर नवा असतानाही इतका चांगला कधी चालला नव्हता. तिच्या नवऱ्याला तो गुलाबी रंग पाहून हसू आवरेना. तो म्हणाला, आता याला दात तेवढे लावायचे राहिलेत. धाकटी हसली खरी, पण खाली येताना तिला कळून चुकलं की नव्या कन्सोलचा विषय ताईनं मुळासकट काढलाय.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी पाणी बदलायला तलाव बंद होता. रिकामा वेळ मिळाला तशी धाकटी त्या दुकानात गेली. घ्यायचा नसला तरी बघायला काय हरकत होती? दुकान ताईच्या लॅबपासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. आत एका मोठ्या पडद्याला नवा कन्सोल जोडून ठेवला होता, कुणीही यावं आणि खेळून पाहावं म्हणून. दुकानदार मोकळा होता. धाकटीनं जुन्या रॅलीबद्दल विचारलं, तर त्यानं सांगितलं की तो गेम यावर चालत नाही, पण त्याचाच नवा भाग चालतो. त्यात दोघं दोन वेगळ्या गाड्या घेऊन एकाच पडद्यावर शर्यत लावू शकतात.

"तुमच्यासारखंच एक बाई विचारत होत्या," तो म्हणाला. "आता रोज येतात. जेवणाच्या सुट्टीत. अंगात पांढरा कोट असतो, बाहीला प्लास्टर लागलेलं. मी त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलंय."

धाकटीनं घड्याळ पाहिलं. एक वाजायला पाच मिनिटं होती. ती हेडफोनच्या मांडणीमागं गेली आणि खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभी राहिली.

एकाला ताई आली. तिनं पर्स स्टुलाच्या पायाशी ठेवली, बाह्या दुमडल्या आणि कंट्रोलर हातात घेतला. नकाशाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं गाडी घेतली आणि सोडली सुसाट. पहिल्या वळणाला गाडी कुंपण तोडून गेली, दुसऱ्याला दरीत. ताई पुन्हा सुरुवातीला आली, पुन्हा तशीच. ब्रेक नावाची गोष्ट तिला माहीतच नसावी. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली मागं येऊन उभ्या राहिल्या, ताईला त्यांचा पत्ताच नव्हता. तिसऱ्या खेपेला गाडी त्या वळणावरून तिरकी घसरत, मागचं चाक हवेत ठेवून, पलीकडे निघाली. ताईनं ओठ घट्ट मिटले होते, पण गाल फुगले होते. लहानपणी आईपासून काही लपवताना ती अशीच दिसायची.

धाकटी मागच्या मागं दुकानाबाहेर पडली. घरापर्यंत ती चालत गेली. अकरा वर्षं आपण शेजारी बसतो आणि गाडी चालवायची का, हे तिला एकदाही विचारलं नाही, हे तिच्या मनात घोळत राहिलं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त मजा वाटली. नवऱ्यालाही तिनं काही सांगितलं नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर ती वर गेली. ताईनं टीव्ही लावला, नकाशा उघडला. धाकटीनं कंट्रोलर तिच्यापुढं धरला.

"आज तू चालव."

"मला कुठं जमतंय," ताई म्हणाली.

"बुधवारी दुकानात जमत होतं की."

ताईचे कान लाल झाले. तिनं कंट्रोलर घेतला नाही, नाकारलाही नाही. मग तिनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ती खरंच दांडीचं माप पाहायला गेली होती. नव्यात ती कशी बसवलीय, किती दिवसांत झिजेल, एवढंच. पण हातात घेतल्याशिवाय ते कळेना, आणि हातात घेतल्यावर गाडी सुरूच झाली. दुसऱ्या दिवशी तिला स्वतःला सांगायला काहीच कारण सापडलं नाही, तरी पाय तिकडेच वळले.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"तुला चालवायला आवडायचं. आणि नकाशा वाचणं मला आवडतं, ते काही खोटं नाही." ताईनं कंट्रोलरच्या गुलाबी टोकावर बोट फिरवलं. "पण जुना इतका छान चालतोय. काहीच बिघडलेलं नाही. मीच दुरुस्त केला. मग नवा कशासाठी घ्यायचा, याचं उत्तर मला सापडत नाही."

"तुला हवाय ना?"

ताईनं बराच वेळ घेतला. कवळीची उंची पाहताना घ्यायची तेवढा.

"हवाय," ती म्हणाली.

"मग झालं की."

"एवढंच कारण?"

"फ्रिजला कारण लागतं, ताई. याला एवढं पुरतं."

ताईनं त्यावर हो म्हटलं नाही. ती उठून चहा करायला गेली आणि चहा घेऊन आली तेव्हा दुसरंच काहीतरी बोलत होती. धाकटीनंही ताणून धरलं नाही. त्या दुपारी त्या नेहमीसारख्या खेळल्या. एका वळणावर मात्र ताई नकाशा वाचता वाचता म्हणाली, इथं ब्रेक नाही लावला तरी चालतं. धाकटीनं लावला नाही. दोघी दरीत गेल्या.

सोमवारी एक वाजता दुकानदारानं ताईला पाहून स्टूल पुढं ओढलं. ताई बसली नाही. तिनं यंत्र बांधून द्यायला सांगितलं, रॅलीच्या नव्या भागासकट, आणि दोन कंट्रोलर मागितले. दुकानदार म्हणाला, विक्री झाली याचा आनंद आहे, पण तुम्हाला बघायला दोन-चार मुली रोज थांबायच्या, त्यांना आता काय सांगू? ताईनं लॅबमध्ये येऊन मदतनीस बाईला ही गोष्ट दोनदा सांगितली.

संध्याकाळी धाकटी वर आली तेव्हा ताईनं टीव्हीशेजारची फुलदाणी खिडकीत नेऊन ठेवली होती आणि तिथं नवं यंत्र उभं केलं होतं. जुनं खाली आपल्या जागेवरच होतं. ताईची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून झाली होती. तारा जोडल्या, बटण दाबलं, आणि पडद्यावर एक पट्टी आली. यंत्राला आधी काहीबाही उतरवून घ्यायचं होतं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. अजून दीड तास, असं खाली लिहिलं होतं.

धाकटीला हसावं की चिडावं कळेना. ती म्हणाली, उद्या येते. ताईनं तिला हाताला धरून खाली बसवलं.

"थांब ना. जातो वेळ."

मग दोघी कंट्रोलर मांडीवर घेऊन बसल्या. आज तलावावर एक आजोबा पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडून आले, ते धाकटीनं सांगितलं. ताईनं एका गायकाच्या कवळीची हकिकत सांगितली, ज्याला वरचे सूर लावताना दात हलायची भीती होती. मध्येच धाकटीच्या नवऱ्याचा खालून फोन आला, जेवायला येणार आहेस की नाही म्हणून. ती म्हणाली, तू जेवून घे, आमचं अजून निम्मंही उतरलेलं नाही. ताईनं पाय सोफ्यावर घेतले, कंट्रोलरच्या दांडीवर अंगठा ठेवला आणि पट्टीकडे पाहत राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.