बरणीवरचं नाव

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी एकतीस वर्षं शिपाई होतो, पण माझं खरं काम सुईचं. मेलेल्या जनावराच्या रक्तवाहिन्यांत रंग भरायचा. शुद्ध रक्ताला लाल, अशुद्धाला निळा. सुई जरा आरपार गेली की सगळं मुसळ केरात.

खिडकीजवळच्या कपाटात माझ्या चार बरण्या होत्या. पहिलीत झुरळ. पाठीवर लांबट नळीसारखं हृदय, बाकी रक्त अंगभर मोकळं सांडलेलं. दुसरीत मासा. त्याचं दोन कप्प्यांचं हृदय सगळं निळं, कारण रक्त तिथून कल्ल्यांत जाऊन मग शुद्ध होतं. तिसरीत बेडूक, तीन कप्पे. खालच्या कप्प्यात दोन्ही रक्तं भेटतात, म्हणून तिथे मी जांभळा भरला. चौथीत ससा. चार कप्पे, मधे पक्की भिंत. लाल लालच्या जागी, निळा निळ्याच्या.

ससा जमायला तीन महिने लागले. तेव्हा मी विभागाच्या मुख्य सरांना म्हणालो, "सर, बरणीच्या चिठ्ठीवर खाली कुठे माझंही नाव टाका की."

"टाकतो की!"

चार दिवसांनी बरण्यांवर छापील चिठ्ठ्या लागल्या. सरांनी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ, हे तुझं नाव."

मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. रविवारी बायकोला नेऊन दाखवलं. ती बिचारी लांबूनच बघत राहिली, काचेला बोटही लावलं नाही.

बावीस वर्षं ती ओळ मी रोज फडक्याने पुसली.

मग घरात सून आली, शाळेत शिकवणारी. म्हणाली, "बाबा, पाटी घ्या. आधी तुमचं नाव शिकू."

"नाव येतं मला," मी ऐटीत म्हणालो, आणि ती ओळ जशीच्या तशी काढली. काना, उकार, मात्रा, काही चुकलं नाही.

सून खुदकन हसली. "अहो बाबा, हे तर 'हात लावू नये' आहे!"

मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. "कुणी सांगितलं तुम्हाला, हे नाव म्हणून?"

"पुढचं शिकव," मी म्हणालो.

सहा महिन्यांनी मी बरण्यांसमोर उभा राहून चारही चिठ्ठ्या स्वतः वाचल्या. वर प्राणी. मधे 'मांडणी' आणि पुढे सरांचं नाव. खाली ती ओळ, चारही ठिकाणी तीच.

तेवढ्यात सर आले. टेबलावर मेलेलं कबूतर ठेवून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. पक्ष्याचं हृदय हवं. चार कप्प्यांचंच, सशासारखं. तुझ्याशिवाय कुणाला जमणार, बाबा?"

मी चिठ्ठीच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "हात लावू नये."

सरांचा चेहरा उतरला. "अरे, तेव्हा चिठ्ठ्या आधीच छापून आल्या होत्या. तुझं मन मोडवेना. आणि खूश होतास ना इतकी वर्षं?"

"होतो. बायको तर खूश होऊनच गेली."

"नवीन चिठ्ठी करू. या वेळी नक्की तुझं नाव."

रोजच्या कामासाठी सुई उकळून तयार होती, लाल-निळे रंग वाट्यांत कालवलेले होते. दोन्ही वाट्या मी त्यांच्यापुढे सरकवल्या. "भरा सर."

"मी? मला कुठे येतं!"

"मग राहू द्या," मी फडकं खुंटीला लावत म्हणालो. "मला तर हात लावायचा नाही. तुम्हीच छापून घेतलंय, चार ठिकाणी."