लाल शाईच्या अकरा चिठ्ठ्या

हिला वास येत नाही हे मला कळलं ते एका बुधवारी सकाळी. आमचं दुकान खाली आणि घर वर. मी खाली खोकी फोडत होतो. जिन्यातून करपल्याचा वास आला म्हणून वर गेलो, तर दुधाचं पातेलं काळं पडलेलं, आणि ही शेगडीपासून दोन हातांवर, तिच्याकडे पाठ करून, आलेलं एक पत्र वाचत बसलेली.

“अगं, दूध गेलं की.”

तिने वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गॅस मीच बंद केला.

“तुला वास नाही आला?”

“नाही.”

“सर्दी झालीय?”

“सर्दी असती तर बरं झालं असतं. तीन आठवडे झाले. कॉफीचाही येत नाही. तुमच्या मोज्यांचासुद्धा येत नाही.”

एरवी मी हसलो असतो. मी खिडकी उघडली.

दुसऱ्या एखाद्या घरात पुढची गोष्ट डॉक्टरांची झाली असती. आमच्याकडे ती आधी दुकानाची झाली, कारण दुकान हिच्या नाकावर चालायचं.

आम्ही दारू विकतो. बावीस वर्षं झाली. खोकी उचलणं, फळ्या लावणं, गल्ला सांभाळणं हे माझं काम. गिऱ्हाइकाशी बोलणं तिचं. चार वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई टकिलाची बाटली हातात फिरवत म्हणाल्या, “बिस्किटाच्या पुड्यावर सगळं लिहिलेलं असतं. खोकल्याच्या औषधावर असतं. यात काय काय आहे ते यावर का नाही?” हिला उत्तर देता आलं नाही. ती बाटली आमच्या फळीवर नऊ वर्षं होती.

मग तिने पत्रं लिहायला घेतली. टकिला घायपातीच्या गड्ड्यापासून करतात. गड्डा भाजायचा, रस काढायचा, तो आंबवायचा आणि भट्टीतून दोनदा काढायचा. एवढंच काम. पण पुष्कळ जण शेवटी त्यात थोडं ग्लिसरीन, थोडा गोड पाक, जाळलेल्या साखरेचा रंग किंवा लाकडाचा अर्क घालतात. शंभरात एका भागाच्या आत असलं, तर लेबलवर लिहायची सक्ती नाही. ही प्रत्येक भट्टीवाल्याला एकच प्रश्न विचारायची: घायपात, पाणी आणि यीस्ट सोडून तुम्ही काय घालता?

उत्तर आलं की बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. कोणी केली, काय घातलं, आम्हाला काय आढळलं. उत्तर आलं नाही तर चिठ्ठीवर ‘विचारलं, उत्तर नाही’ असं लिहायची आणि बाटली विकायलाच ठेवायची. घालणाऱ्यांवर तिचा राग नव्हता. “घालू देत की. सांगू देत फक्त,” म्हणायची.

आणि ती नुसत्या उत्तरावर विसंबायची नाही. तळहातावर चार थेंब घ्यायची, दोन्ही हात चोळायची, वाळू द्यायची आणि नाकाशी धरायची. चांगल्या टकिलाचा वास मागे राहतो तो भाजलेल्या गड्ड्याचा, ओल्या मातीचा, कधी मिरीचा. केकचा, म्हणजे व्हॅनिलाचा, वास आला की समजायचं, कोणीतरी त्यात काही घातलंय. मला हे सगळं ऐकून माहीत. मी कधी हात पुढे केला नव्हता. खोकी बरी, असं माझं.

लोक त्या चिठ्ठ्यांसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायला लागले. दुकानात उभे राहून वाचायचे. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर तर शनिवारी चष्मा पुसून एकेक चिठ्ठी तपासायचे आणि शुद्धलेखनाच्या चुका दाखवायचे. ही दुरुस्त करायची.

तर त्या बुधवारी पातेलं घासता घासता मी विचारलं, “या तीन आठवड्यांत किती चिठ्ठ्या लिहिल्यास?”

“अकरा.”

“वास न घेता?”

“हाताला चिकट लागतंय का ते बघितलं. भट्टीवाल्यांची पत्रं होती. आणि वाटलं, उद्या येईल वास. रोज वाटायचं, उद्या येईल.”

मी म्हटलं, “दुकान उघडायच्या आत अकराही काढून टाकू. कोणाला कळतंय?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “चकाचक अगदी असंच बोलतो,” म्हणाली.

चकाचक म्हणजे मोठ्या कंपन्यांचा माल घेऊन येणारा एजंट. त्याचे बूट आणि बोलणं दोन्ही तसं, म्हणून आम्ही घरात त्याला चकाचक म्हणायचो. त्याच्याशी माझी तुलना झाल्यावर मी पातेलं घासत राहिलो.

तिने चिठ्ठ्या काढल्या नाहीत. खाली जाऊन लाल शाईचं पेन घेतलं आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलं: ‘ही लिहिली तेव्हा मला वास येत नव्हता. मी ते सांगितलं नाही. फक्त पत्रावर विश्वास ठेवून लिहिलं आहे.’ अकरा वेळा तेच. नववी लिहिताना हात दुखला म्हणून थांबली, तर मी म्हटलं, उरलेल्या दोन मी लिहितो. नाही म्हणाली. अक्षर बदललं तर लोकांना वाटेल दुसऱ्याने केलंय.

शनिवारी दुपारी दुकान भरलेलं. ती गल्ल्यापाशी उभी राहिली आणि सांगून टाकलं, तीन वाक्यांत. मला खाली बघावंसं वाटत होतं, पण मी तिच्याकडेच बघितलं. तिचा आवाज नेहमीचाच होता. हातांनी मात्र तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. आता कोणी तिच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणार की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. दुकान चाललं नसतं तरी ती चार दिवसांत सावरली असती. तो विश्वास गेला असता तर सावरली नसती.

पहिला बोलला चकाचक. तो मुद्दाम शनिवारी यायचा.

“म्हणजे वहिनी, तुमच्याकडेही शंभरात एक भाग होताच की न सांगितलेला.”

“होता,” ही म्हणाली. “लिहिलाय बघा, लाल शाईत. आता तुमचा लिहा.”

“आमचं कायद्यात बसतं.”

“मग लिहायला काय अडचण आहे? बसतं म्हणून अजूनच सोपं.”

कोणीतरी हसलं. चकाचकने एक बाटली उचलली, चिठ्ठी वाचली आणि परत ठेवली.

मग मास्तर पुढे आले. कोटाच्या बाह्या दुमडून त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले.

“घाला इथे. मला काय वास येतो ते मी सांगतो, तुम्ही लिहा.”

“मास्तर, तुम्हाला शाळेतल्या डिंकाशिवाय कशाचा वास कळतो का?” नर्सबाई म्हणाल्या.

“तुम्हाला फिनेलशिवाय कळत असेल तर तुम्हीही या.”

नर्सबाईही आल्या. नियम हिनेच तिथल्या तिथे ठरवला: तीन नाकं, तिघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळं सांगायचं, आणि चिठ्ठीवर तिघांचंही लिहायचं. “हे तिघं कोण?” असं विचारणाऱ्यासाठी खाली ‘मास्तर, नर्सबाई, आणि जे आले ते’ असंही लिहायची. दोन शनिवारांत अकरा बाटल्या पुन्हा झाल्या. नऊ ठीक निघाल्या. दोन नाही.

त्या दोनपैकी एक तिच्या सगळ्यात आवडत्या भट्टीची होती. डोंगरउतारावरचा एक म्हातारा भट्टीवाला. तीन वर्षं तो हिला हाताने पत्रं लिहायचा, त्यात पाऊसपाण्याची आणि गुडघेदुखीचीही बातमी असायची. बुधवारी ती वाचत होती ते पत्र त्याचंच. त्याच्या बाटलीला तिघांनाही केकचा वास आला. मास्तर तर म्हणाले, “वर मेणबत्ती लावा, झालं.” ही हसली नाही. तिने चिठ्ठी बदलली: ‘काही घालत नाही असं लिहून आलं आहे. तिघांना व्हॅनिलाचा वास आला. विचारलं आहे.’ आणि त्याला पत्र लिहिलं. गुडघ्यांची चौकशी केली आणि शेवटी तोच प्रश्न.

डॉक्टरांकडे आम्ही त्यानंतर गेलो. कपाळाच्या मागे गाठ होती. डॉक्टर आमच्या मुलीशी बोलत होते, तेव्हा ही मधेच म्हणाली, “मला सांगा. सगळं सांगा, काही वगळू नका.” मुलगी बाहेर जाऊन रडली. ही बसून ऐकत राहिली आणि दोन गोष्टी वहीत लिहून घेतल्या.

सात महिने मिळाले. शेवटचा दीड महिना सोडला तर प्रत्येक शनिवारी ती खाली आली. मी खुर्ची ठेवायचो, ती चिठ्ठ्या लिहायची. त्या सात महिन्यांत दुकानात येणाऱ्यांनी स्वतः पत्रं लिहायला सुरुवात केली. चौदा भट्ट्यांनी लेबलवर छापलं काय घालतात ते. काहींनी ‘काही नाही’ छापलं, काहींनी ग्लिसरीन छापलं. ग्लिसरीनवाल्या बाटल्याही खपल्या. चकाचकच्या एका कंपनीने छापलं तेव्हा तो ते लेबल घेऊन वर घरी आला, अंथरुणाशी उभा राहिला आणि म्हणाला, “वहिनी, बारीक टाइपात आहे, पण आहे.” हिने भिंग मागितलं. वाचून झाल्यावर त्याला चहा करून द्यायला मला सांगितलं.

एकदा तिने मला विचारलं, “तुम्ही का नाही कधी हात पुढे करत?”

“मला त्यातलं काय कळतंय?”

“दूध करपल्याचं कोणाला कळलं मग?”

मी म्हटलं, करेन कधीतरी. ती म्हणाली, बरं.

तिला जाऊन आता पाच आठवडे झाले. शनिवारी मी दुकान उघडतो. मास्तर आणि नर्सबाई येतात. चिठ्ठ्या मुलगी लिहिते. तिचं अक्षर वेगळं आहे, म्हणून पहिल्या चिठ्ठीवर तिने तसं लिहून टाकलं.

गेल्या सोमवारी डोंगरावरच्या म्हाताऱ्याचं पार्सल आलं, हिच्या नावाचं; आत त्याचं पत्र होतं. हिचं पत्र त्याच्या जावयाने दाबून ठेवलं होतं. लाकडाचा अर्क जावयाने घालायला सुरुवात केली होती, वर्षभरापूर्वी. म्हाताऱ्याचे गुडघे गेल्यामुळे तो भट्टीपर्यंत उतरत नव्हता आणि जे सांगितलं जाई तेच लिहीत होता. हिचं पत्र हाती लागल्यावर त्याने स्वतःला खुर्चीत बसवून खाली भट्टीवर न्यायला लावलं. अर्क बंद केला. जुन्या मालाच्या लेबलवर अर्क छापला, नव्या मालाच्या लेबलवर ‘घायपात, पाणी, यीस्ट’ छापलं. नव्यातली पहिली बाटली पाठवली होती. पत्राच्या शेवटी होतं, ‘तुम्ही हातावर घेऊन सांगितल्याशिवाय मी बाकीच्या विकायला काढणार नाही.’

मी त्याला अजून काही कळवलेलं नाही. ती गेली हेही नाही.

बाटली गल्ल्याशेजारी आहे. शनिवारी मास्तर आणि नर्सबाई दोघांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिसरं नाक कोणाचं, हे त्यांना माहीत आहे. बाटली मी उघडलेली नाही, आणि तिची चिठ्ठी लिहायची राहिली आहे.