एका ‘ने’ने नेलेली बुझुकी

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. पाठ उकललेली, मान वाकलेली, अंगाला बुरशीचा वास, अशी मी म्हातारी बुझुकी सध्या न्युरेम्बर्गमध्ये एका कपाटावर पडून आहे. बुझुकी म्हणजे ग्रीक लोकांचं तंतुवाद्य. आपल्या सतारीची लांबची चुलत बहीण म्हणा हवं तर.

माझा जन्म ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातला. स्टाव्रोस मास्तरांनी मला अक्रोडाच्या लाकडातून स्वतःच्या हाताने घडवलं आणि उभं आयुष्य मलाच वाजवलं. लग्नात, बंदरावर, खानावळीत लोक हातात हात घालून गोल नाचायचे आणि मी थांबले की ओरडायचे, “अजून!” काय दिवस होते हो ते!

गेल्या उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थी मास्तरांकडे ग्रीक संगीत आणि नाच शिकायला आले. त्यांत अन्वी होती. तिचे बाबा चारुदत्त जर्मनीत, न्युरेम्बर्गला इंजिनियर. पोरीला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमधून. नाचताना तिने शेजाऱ्यांचे पाय यथेच्छ तुडवले. वाजवायला बसली की मात्र मास्तर खूश व्हायचे. त्यांची दृष्टी गेली होती, बोटं थरथरायची. निघताना त्यांनी मलाच तिच्या हाती दिलं. म्हणाले, “नाताळात फोनवरून वाजवून दाखव. माझ्या बुझुकीचा आवाज मला अजून एकदा ऐकायचाय.”

सुट्टी संपली. होस्टेलवर वाजवू देत नाहीत म्हणून अन्वी मला घरी ठेवून दुसऱ्या गावी कॉलेजला गेली. तेवढ्यात पुण्याहून आजी-आजोबा यायचं ठरलं आणि तिची खोली रिकामी करायला घेतली. तिच्या आईने, सुरुचीने, फोन लावला. “अगं, तुझी बुझुकी केलरमध्ये नेऊ का?” केलर म्हणजे तळघर.

अन्वी गाडीत होती. घाईघाईने ओरडली, “ने, आई, ने!” आणि फोन कट झाला.

आता बोलीभाषेतल्या जर्मनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. आईला मात्र मराठीच ऐकू आलं. लेक मराठीत बोलली म्हणून ती बिचारी हरखून गेली! मला जुन्या साडीत गुंडाळून तिने खाली वॉशिंग मशिनशेजारी नेऊन ठेवलं. तिथली ओल माझ्या हाडांत शिरली. मी खूप रडले, पण तार छेडल्याशिवाय आमचं रडणं कुणाला ऐकू जातं?

नाताळात घरी आल्यावर अन्वीने तळघरात माझ्याभोवतीची साडी उलगडली आणि ती किंचाळलीच. “मी नाही म्हटलं होतं!”

“अगं, ‘ने’ म्हणालीस ना तू...” बोलता बोलताच आईच्या लक्षात आलं. ती तिथेच पायरीवर बसली. “अहो, काय करून बसले मी हे!” ती नवऱ्याला म्हणाली आणि रडायला लागली. रागवायचं तरी कुणावर?

नाताळामुळे दुरुस्तीची दुकानं बंद, दुसरा इलाज नव्हता. अन्वीने मास्तरांना फोन लावला आणि मला तसंच वाजवलं. मी भणभणले, खरखरले. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“छान वाजवलंस, पोरी,” ते म्हणाले. “पण ही कुणाची बुझुकी? आता माझी काढ ना.”

“उद्या,” एवढंच अन्वी कसंबसं म्हणाली.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू हलवण्याआधी विचारा, आणि उत्तर मनासारखं आलं तर पुन्हा एकदा विचारा. मायेने नेलेली वस्तूसुद्धा मरते. मास्तर अजून फोन करतात. अन्वी आता उचलत नाही.