रिकाम्या कप्प्याचे पाकीट

मित्रांनो, मी एक जुने, चामड्याचे पाकीट आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, शिवण उसवून पुन्हा घातली आहे, आणि वर्षानुवर्षे मागच्या खिशात बसून माझी पाठ कायमची वाकली आहे. तरीही मी स्वतःला ऐऱ्यागैऱ्या पाकिटांत धरत नाही. माझ्यात एक जास्तीचा कप्पा आहे आणि माझी सगळी कहाणी त्या कप्प्याभोवतीच फिरते.

वसमतच्या ग्यानबांनी मला शिवले. नमुन्याला त्यांच्यासमोर कुणीतरी शहरातून आणलेले पाकीट होते. त्यात एक अरुंद कप्पा होता. "हे काहून ठेवतेत कोण जाणे," ग्यानबा पुटपुटले आणि मग म्हणाले, "असू दे. एसटीचा पास बसंल." त्यांनी तो कप्पा अगदी मन लावून शिवला. पुढे त्यात पास काही बसला नाही, पण त्या कप्प्याची त्यांच्या हातची शिवण अजून तशीच आहे.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात १९९४ साली देविदासने मला विकत घेतले. तांड्यावरचा हा तरुण नुकताच प्राथमिक शाळेत मास्तर झाला होता आणि पहिला पगार त्याच्या हातात होता. सोबत वडील होते, धर्मसिंग. त्यांचा जन्म ऊसतोडीत गेलेला. त्यांनी घासाघीस करून दुकानदाराला हात जोडायला लावले. मग आपल्या कनवटीचा एक रुपया काढून माझ्यात टाकला. "रिकामं पाकीट खिशात घालू न्हाई," ते म्हणाले. तो रुपया देविदासने कधीच खर्चला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

चार वर्षांनी तांड्यावरच्या घराचे गवताचे छप्पर काढून पत्रे टाकायचे ठरले. पैसे कमी पडत होते. देविदासचा पगार जवळा बाजारच्या बँकेत जमा व्हायचा. तिथल्या साहेबांनी सांगितले की खात्यात शिल्लक नसली तरी ठरावीक रकमेपर्यंत पैसे काढता येतात, त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. देविदासने घरी येऊन बाला समजावले. तांड्यावर वडिलांना बा म्हणतात.

"म्हंजे उचलच की ही!" धर्मसिंग हसले. "मुकादम हंगामाआधी पैसे देतो अन् मग तोडीच्या हिशेबात बराबर कापून घेतो. आपल्याला इचारायचं कामच न्हाई."

देविदासलाही ते पटले. बाप जन्मभर जे करत आला, तेच बँक करत असणार, यात शंका घेण्यासारखे काय होते? पत्रे आले, घर झाले. काही महिन्यांतच देविदासची बदली दूर कनेरगाव नाक्याला झाली. पगार तिकडच्या दुसऱ्या बँकेत येऊ लागला. जुन्या खात्याकडे पुन्हा कुणी फिरकले नाही. उचल आपोआप फिटली असणार, असे बापलेक दोघेही धरून चालले.

पुढे धर्मसिंगांना ऐकू येईनासे झाले. एके काळी तांड्यावरचे तंटे त्यांच्यासमोर मिटायचे. आता चारचौघे हसले की तेही हसायचे, पण थोडे उशिरा. देविदास दर रविवारी तांड्यावर यायचा आणि ते उशिराचे हसू पाहून त्याला गलबलून यायचे. नांदेडच्या डॉक्टरांनी कानाचे यंत्र सांगितले. ते चांगलेच महाग होते. यंत्राचा दुकानदार म्हणाला, "क्रेडिट कार्ड असेल तर हप्त्याने देतो."

योगायोगाने २००६ साली कार्डवाला माणूस शाळेतच आला. सगळ्या मास्तरांनी अर्ज भरले. माझा आनंद काय सांगू! माझा अरुंद कप्पा कशासाठी आहे, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळले. एकेकाच्या पाकिटात चकचकीत कार्डे येऊन बसली. मी वाट पाहत राहिलो. शेवटी त्या माणसाचा फोन आला.

"सर, तुमचं नामंजूर झालं. जुन्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट थकीत दाखवून राहिलंय."

"माझा? मी कुणाचा रुपया बुडवला न्हाई!" देविदास मोठ्याने बोलून गेला. सगळे मास्तर त्याच्याकडे वळून पाहू लागले. त्या दुपारी त्याने डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी रजा काढून त्याने जवळा बाजारची बँक गाठली. मॅनेजर बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा पगार इथं यायचा थांबला. मग बँकेनं कापायचं कशातून? तुमच्या जुन्या शाळेवर पत्रंही गेली होती." व्याज चढत चढत रक्कम फुगली होती. भरली तर खाते मिटेल, पण नोंद पुसली जायला वेळ लागेल, कार्ड लगेच मिळणार नाही, हेही त्यांनी सांगितले.

आता पेच पडला. यंत्रासाठी साठवलेले पैसे होते. त्यात थोडी भर घालून यंत्र रोखीने येण्यासारखे होते, पण मग उचल तशीच राहणार होती. उचल फेडली तर यंत्राला हात लावता येणार नव्हता. आणि बाला विचारायचे कसे? त्यांना सांगायचे म्हणजे ओरडायचे, आणि ओरडले की सगळ्या तांड्याला कळणार. शेवटी देविदास त्यांना लांब कापसाच्या शेताकडे घेऊन गेला.

"बा! उचल राहिली अंगावर!" तो कानाशी ओरडला. वेचणाऱ्या बायका ताठ उभ्या राहून पाहू लागल्या. "पत्र्याची! बँकेची! तुमच्या यंत्राचे पैसे हायेत, पण..."

"ओरडू नको, लोक ऐकतेत," धर्मसिंग म्हणाले. मग त्यांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिले ती फेड. मुकादमाची उचल अंगावर ठेवून मी कधी हंगाम सोडला न्हाई. कान काय, थांबतेत."

देविदासचे डोळे भरून आले. माझ्यातल्या नोटा दुसऱ्याच दिवशी बँकेत गेल्या.

कान थांबले, पण दिवस थोडेच थांबतात? त्या वर्षी धर्मसिंगांच्या थोरल्या लेकीच्या मुलीचे लग्न झाले. त्यांची बायको भिकाबाई लग्नात गाणी म्हणत होती आणि ते तिच्या ओठांकडे नुसते पाहत बसले होते. मला ते बघवले नाही.

वर्षभराने यंत्र आले, रोखीने. देविदासने ते बाच्या कानात बसवले आणि बिल ठेवायला मला उघडले. तेवढ्यात माझ्यातला तो जुना रुपया निसटून फरशीवर खणकन पडला.

"काय पडलं?" धर्मसिंगांनी मान वळवून विचारले.

देविदासने रुपया उचलला. मग तो हळूच म्हणाला, "रुपया, बा. तुमचाच."

"व्हय?" म्हातारा म्हणाला. "पुन्यांदा पाड."

देविदासने पाडला. पुन्हा पाडला. भिकाबाई पदराने डोळे पुसत हसली आणि धर्मसिंग तिच्याबरोबरच हसले.

देविदासने कार्डासाठी पुन्हा अर्ज केला नाही. माझ्या अरुंद कप्प्यात आता त्या यंत्राच्या छोट्या गोल बॅटऱ्या असतात. यंत्र बंद पडले की सगळ्या घराचे डोळे माझ्याकडे लागतात. असा मान कुठल्या पाकिटाला मिळाला असेल?

मित्रांनो, घेतलेले आपोआप फिटले असेल असे धरून चालू नका. स्वतः जाऊन विचारा. आणि तुमच्या घरात कुणी चारचौघांच्या मागून उशिरा हसत असेल, तर वेळ न घालवता त्याच्याजवळ जाऊन बसा.