चालेल, चालेल

गाडी न्यायला आलेला माणूस इतका सभ्य होता की बाबांनी त्याला आधी पाणी विचारलं. तो दारातच उभा राहिला, फाइल छातीशी धरून, आणि खालच्या आवाजात सांगू लागला. ज्याच्याकडून तुम्ही ही गाडी घेतलीत त्यानं ती आमच्या कंपनीचं कर्ज काढून घेतली होती, हप्ते थकलेत, कर्ज फिटेपर्यंत गाडी कंपनीची, तेव्हा काका, चावी दिलीत तर बरं होईल. बाबा मन लावून मान डोलावत होते. त्यानं खुंटीवरच्या चावीकडे बोट केलं तसे "बरं, बरं," म्हणाले आणि ती काढायला वळले.

मी बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून धावत आले नसते, तर गाडी गेलीच असती. वर बाबांनी त्याला सावकाश चालवा म्हणून बजावलंही असतं.

बाबांना ऐकू येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीही ते कधी बोललेलं नव्हतं. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पत्रा ठोकणारा, कान बधिर करणारा प्रेस चालवला. तिथे दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. जो नापास होईल त्याची रवानगी खोकी भरायला, पगार कमी. बाबा दरवर्षी पास. तपासणाऱ्याच्या चष्म्याच्या काचेत त्याचं बोट बटणावर पडताना दिसलं की हे हात वर करायचे. हे मला आईनं सांगितलं, तेही माझं लग्न झाल्यावर, घरातला एखादा दागिना सोपवावा तसं.

बाबांचे कान म्हणजे आई. पाहुणे आले की ती त्यांच्या उजव्या हाताला बसायची आणि समोरच्याचं बोलणं कौतुकानं परत म्हणायची. "हो का, मुलीची बदली झाली का? आणि घर तिथेच ठेवलंय होय?" मग बाबा घराबद्दल काहीतरी शहाणपणाचं बोलायचे. लहानपणी मला ती आईची खोडच वाटायची. एक मावशी तर तिला तोंडावर पोपट म्हणायची. आई हसून म्हणायची, "असू दे, पोपट तर पोपट."

गेल्या वर्षी आईला झटका आला. डावी बाजू लुळी पडली, तोंड किंचित वाकडं झालं आणि आवाज बारीक झाला, शेजारच्या खोलीतून येतोय असा. व्यायामाला आठवड्यातून तीन वेळा दवाखान्यात न्यायचं. बसची पायरी तिला चढवेना, आणि रिकामे टॅक्सीवालेही चाकाची खुर्ची बघून पुढे सरकायचे. तेव्हा बाबांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली. मध्ये दलाल नव्हता. घर बदलून चाललेला एक तरुण होता, त्याच्याशी फोनवर ठरवलं, फोन कानाला दाबून, अर्धंमुर्धं ऐकत. आई त्या वेळी व्यायामाला दवाखान्यात गेलेली होती. म्हणजे बाबांनी आयुष्यातला सर्वात मोठा व्यवहार कानांशिवाय केला.

त्या सभ्य माणसाला मी चावी न देता परत पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी ग्राहक तक्रार कार्यालयात गेले. तिथल्या कारकून बाईंनी बाळाच्या हातात रबरी शिक्का दिला आणि मला नीट समजावलं. धंद्यासाठी नव्हे, घरच्या वापरासाठी घेतलेली गाडी. पैसे चोख दिलेले. गाडीच्या कागदांवर कर्जाची नोंद नाही, आणि घेताना त्याची काही कल्पना नव्हती. असं असेल तर गाडी ज्यानं घेतली त्याचीच. कंपनीनं आपलं येणं विकणाऱ्याकडून वसूल करावं.

"कायदा तुमच्याच बाजूनं आहे," बाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण वडलांना खरंच माहीत नव्हतं ना? सगळं तिथेच अडतं."

मी छातीठोक सांगितलं, नव्हतं. आठ दिवसांनी कळलं की त्या तरुणाच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, आणि तो कॉल त्यानं कंपनीला देऊन टाकलाय. त्यात तो स्वच्छ सांगतो, थोडं कर्ज राहिलंय गाडीवर, चालेल ना? आणि बाबा म्हणतात, चालेल, चालेल.

मी आईजवळ बसले. बाबा खाली गाडी पुसत होते. मी म्हटलं, आई, एकच मार्ग आहे, त्यांनी सरळ सांगायचं की मला ऐकू येत नाही. आईनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. तिला एकेक शब्द जुळवावा लागत होता.

"गाडी जाऊ दे," ती म्हणाली. "त्यांना तसं बोलायला लावू नकोस."

"आणि तुझा व्यायाम?"

"हात हलतोय की." आणि तिनं तो हलवून दाखवला, उजवा.

सुनावणीला आम्ही त्याच गाडीतून गेलो. खोली लहान होती. लांब टेबल, वर पंखा, टेबलापलीकडे माझ्याच वयाच्या अधिकारी बाई. एका बाजूला तो सभ्य माणूस, दुसऱ्या बाजूला आम्ही: बाबा, चाकाच्या खुर्चीत आई, माझ्या मांडीवर बाळ. बाबांनी कारखान्याच्या निरोप समारंभाला शिवलेला कोट घातला होता. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. फक्त एका कागदावर 'गाडीच्या कागदपत्रांची चौकशी आहे' एवढं लिहून दिलं होतं. भ्याले होते मी.

अधिकारी बाईंनी रेकॉर्ड झालेला तो कॉल फोनवर लावला. पंख्याच्या घरघरीत तो मलाही कान देऊनच ऐकावा लागला. थोडं कर्ज राहिलंय गाडीवर, चालेल ना? चालेल, चालेल. बाईंनी फोन बंद केला आणि विचारलं, काका, हा तुमचाच आवाज ना, हे बोलणं असंच झालं होतं ना?

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले.

सभ्य माणसानं मान खाली घातली. त्यालाही वाईट वाटलं असावं. बाईंनी पेन उचललं. माझ्या तोंडात वाक्य आलं होतं, पण आईचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

बाबांनी कानांची उणीव डोळ्यांनी भरून काढली होती आयुष्यभर. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. बाईंकडे, माझ्याकडे, मग आईकडे. आईचे ओठ हलले. पस्तीसेक वर्षं त्यांनी ते ओठ वाचले होते, पण आता ते एका बाजूनंच हलतात. त्यांना वाचता आलं नाही. ते बघत राहिले, आणि मग टेबलाला धरून उभे राहिले.

"बाई, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता. "प्रेसवर होतो मी. आत्ता ते यंत्र काय बोललं, तुम्ही काय विचारलंत, काही कळलं नाही. फोनवर त्या दिवशीही नीट कळलं नसणार."

आता तोंडी विचारून उपयोग नव्हता. बाईंनी कागद ओढला, प्रश्न लिहिला आणि तो फिरवून त्यांच्यापुढे ठेवला: मग 'चालेल' का म्हणालात?

बाबांनी वाचलं. "लोक 'चालेल ना' विचारतात, मी 'चालेल' म्हणतो. बहुतेक वेळा चालतं."

बाईंना हसू आलं, त्यांनी ते खाली बघून लपवलं. मग त्यांनी त्या तरुणाचं वाक्य कागदावर उतरवून दिलं. बाबांनी ते बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उघडला.

"कर्ज राहिलंय?" ते माझ्याकडे वळले. "अगं, मला वाटलं, 'खरचटलंय'. थोडं खरचटलंय गाडीवर. आणि खरचटलंच होतं की, मागच्या दारावर, हे एवढं."

सभ्य माणूस म्हणाला, मॅडम, आता हे असं कोणीही म्हणेल. त्याचंही बरोबर होतं. बाईंनी फोन पुन्हा हातात घेतला. या वेळी 'चालेल, चालेल'पाशी थांबवला नाही, पुढे चालू दिला. बाबांचा आवाज पुढे म्हणत होता, "त्याचं काय एवढं. मी घरी पॉलिशनं घासून घेईन."

"कर्ज कोणी पॉलिशनं घासत नाही," बाई म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

त्यांनी फक्त कानाच्या डॉक्टरांचा दाखला मागितला. बाबा एकटेच गेले तपासणीला. म्हणे डोळे मिटून बसले. परत आल्यावर कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "नापास. पहिल्या नंबरानं." निकाल पंधरा दिवसांत आला. गाडी आमची.

त्यानंतर गल्लीत लोक बाबांशी ओरडून बोलायला लागले. वाणी तर हातवारेही करायचा, बाबा जणू परक्या देशातून आलेत. जन्मभर राखलेलं गुपित गेलं ते असं, सुट्ट्या पैशांसारखं किरकोळीत, आरडाओरड्यात. मला ते बघवायचं नाही. बाबा ऐकून घ्यायचे, म्हणजे बघून घ्यायचे.

परवा आईला घेऊन दवाखान्यात निघालो. पुढे ती दोघं, मागे मी आणि बाळ. मोठ्या रस्त्याला लागल्यावर आई काहीतरी म्हणाली. बारीक आवाज, वर रहदारी; मला मागे शब्द कळले नाहीत, आणि बाबांना कळायचा तर प्रश्नच नव्हता. पण तिचे ओठ हललेले त्यांना कडेनं दिसले. त्यांनी वळायचा दिवा दाखवला, गाडी हळूहळू डाव्या अंगाला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं. काच वर केली. मग अख्खे तिच्याकडे वळून, कान तिच्या तोंडाजवळ नेत म्हणाले,

"काय म्हणालीस?"

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. आई एकेक शब्द जुळवत राहिली. त्या कोपऱ्यावरच्या दुकानाला नवा रंग दिलाय, एवढंच म्हणायचं होतं तिला.

"हो की," बाबा मान वळवून बघत म्हणाले. "हिरवा दिलाय."

त्यांनी गाडी सुरू केली. पुढच्या चौकापर्यंत गेलो असू नसू, आईचे ओठ पुन्हा हलले, आणि बाबांनी पुन्हा दिवा दाखवला.