इंजिन तापायच्या आधी

ऐंशी अंश

बाबांची गाडी लेकीच्या गॅरेजला यायची ती अशीच, तापून. ती स्कॅनर जोडायची. पडद्यावर सरळ रेषा, चारही सिलिंडर शहाण्या मुलांसारखे.

"सकाळी थरथरते गं," बाबा म्हणायचे. "तुझ्या दारात आली की साळसूद! तुझी आई नव्हती का, दवाखान्याची पायरी दिसली की दुखणं गायब."

लेक हसायची. प्लग बदलले, कॉइल बदलून पाहिली. बाबा पुन्हा हजर.

मग दादा आला. गॅरेजच्या पत्र्याखाली उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "गाडी नाही थरथरत. हात थरथरतात त्यांचे. परवा फाटकाला घासून आणली. किल्ली काढून घे."

"मी?"

"तुझं ऐकतात. मी बोललो की अंगावर येतात."

किल्ली काढून घेणं म्हणजे बाबांना खिडकीपाशी बसवून ठेवणं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"गार इंजिनावर एकदा बघते," लेक म्हणाली. "दोष नाही निघाला, तर घेते."

हे आधीच सुचायला हवं होतं. पण गिऱ्हाईक गाडी चालवत आणतं, आणि गॅरेजवाले त्या तापलेल्या गाडीलाच खरी गाडी समजतात.

अठरा अंश

सकाळी ती घरी पोचली तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. परीक्षाच जणू.

"सुरू मीच करणार," ते म्हणाले आणि स्टिअरिंगमागे बसले. ती बाजूच्या सीटवर, मांडीत स्कॅनर. दादा पायरीवर, हाताची घडी घालून.

किल्ली फिरली.

सीट हादरली. आरसा हादरला. आरशात पांढरा धूर. पडद्यावर तीन सिलिंडरांपुढे शून्य, आणि तिसऱ्या नंबरापुढे चुकलेल्या ठिणग्यांचा आकडा धावत सुटलेला.

"बघ!" बाबा ओरडले. "आहे की नाही? सांग त्याला!"

तिने उतरून बॉनेट उघडलं. कूलंटच्या बाटलीतलं पाणी तळाला गेलेलं. इंजिनातलं पाणी अडवणारं हेड गॅस्केट गेलं होतं. गाडी रात्रभर उभी राहिली की पाणी झिरपत तिसऱ्या सिलिंडरात उतरायचं. सकाळी ते जळून गेलं की गाडी गुणी. इतके महिने माणूस खरं सांगत होता, आणि ती हसत होती.

"चुकलं माझं, बाबा," ती परत आत बसत म्हणाली.

"मग!"

साठ

आकडा अडखळला. थांबला. धूर विरळ झाला.

ऐंशी

रेषा सरळ. इंजिन इतकं शांत की पलीकडच्या अंगणातला झाडू ऐकू यावा.

स्टिअरिंग थरथरत होतं.

बाबांच्या हातांखाली. त्यांनी मुठी आवळल्या, तसं ते आणखीच थरथरलं. लेकीने नजर पडद्यावर नेली. तिथे दोष नव्हता.

"काय निघालं?" दादाने पायरीवरून विचारलं.

"तिसऱ्यात पाणी जातंय. हेड खोलावं लागेल."

"म्हणजे गाडीच." त्याचा आवाज पडला. "बाबा, माफ करा."

झालं. ठरल्याप्रमाणे दोष निघाला होता. किल्ली मागायचं कारण उरलं नव्हतं. ती गप्प राहिली, आणि बाबाही. एरवी त्यांनी दादाला असं सुटू दिलं नसतं.

त्यांनी हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीत घेतले, एकात एक धरून ठेवले.

"दुरुस्त होईल ना?"

"गाडी होईल, बाबा."

त्यांनी मान हलवली. दार उघडून खाली उतरले.

"ये इकडे," मग म्हणाले. "पाणी भर आणि तूच ने."

बाजूच्या सीटवर ते हळूच बसले. पट्टा घ्यायला हात सवयीने दुसऱ्याच खांद्यामागे गेला, तिथे काही लागेना. लेक पुढे बघत थांबली. शेवटी त्यांना पट्टा सापडला.