गंगरेलनंतर नरहरा

शनिवारी संध्याकाळी टूर कंपनीच्या ऑफिसातून उद्याच्या सहलीच्या प्रवाशांची यादी आली, तेव्हा गाईड समीक्षा रामटेके चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आईजवळ मेथी निवडत बसली होती. चौदा नावं होती. नववं बाबुलाल भोयर, दहावं सिंधुताई भोयर, सेक्टर सात, भिलाई.

कौस्तुभचे आईवडील.

दुर्गच्या कॉलेजात चार वर्षं दोघं एकत्र होते. मग त्यानं घरी सांगितलं. बौद्धांची मुलगी घरात येणार नाही, असं त्याची आई म्हणाली आणि विषय तिथंच संपला. कौस्तुभ दीड वर्ष 'थांब, थांब' म्हणत राहिला. शेवटी एक दिवस म्हणाला, "आईले दुखवून नाही होत माह्याच्यानं." त्याच दिवशी तिनं त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. पाच महिन्यांनी एका मैत्रिणीकडून कळलं की तो गेला. कावीळ झाली, यकृत निकामी झालं, रायपूरच्या दवाखान्यात नऊ दिवस होता. कळलं तेव्हा तेरवी आटोपली होती.

याला दोन वर्षं झाली. त्याच्या आईवडिलांना तिनं कधी जवळून पाहिलं नव्हतं, त्यांनीही तिला नाही. बरं नाही म्हणून कळवता आलं असतं. पण कौस्तुभचे डोळे कोणावर गेले होते ते तिला पाहायचं होतं. रविवारी सकाळी साडेसहाला ती भिलाईच्या सिव्हिक सेंटरला उभी राहिली आणि गाडी यायच्या आधी गळ्यातलं नावाचं कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं. ड्रायव्हर प्रवीण तिला नुसतं 'मॅडम' म्हणायचा, त्यामुळे ते खपून गेलं.

डोळे वडिलांवर गेले होते. हसणंही. बाबुलाल चौतीस वर्षं पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये होते. तिथल्या आवाजानं कान गेलेले, म्हणून सगळ्यांशी ओरडूनच बोलायचे. गंगरेल धरणावरच्या दुमजली बोटीला पॅकेजात 'क्रूझ' म्हटलं होतं. बाबुलाल वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहिले आणि तिला विचारत राहिले, "मॅडम, ये पानी कितना गहरा होगा?" समीक्षानं पाठ केलेला आकडा सांगितला. सिंधुताई खालीच बसून होत्या. तासभर त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पण काही बघत होत्या असं वाटलं नाही.

जेवणानंतर गाडी नरहऱ्याच्या धबधब्याकडे निघाली. शेवटचा टप्पा पायी होता, साजाच्या झाडांतून आणि मग गोट्यांवरून. सिंधुताईंचे गुडघे दुखत होते. समीक्षानं त्यांचा हात धरला. तो हात गरम आणि खरबरीत होता. मधल्या मोठ्या दगडापाशी त्या थांबल्या. "माझ्यानं नाही होत. तुमी जा," असं नवऱ्याला त्यांनी मराठीत सांगितलं. बाकीचे पुढे गेले. पाण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता.

"थोडं पाणी प्या, काकू," समीक्षा म्हणाली.

सिंधुताईंनी मान वर केली. "मराठी हायेस? सकाळपासून हिंदी बोलून राहिली. कोठची?"

"चरोद्याची."

 सिंधुताईंनी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "चरोद्यात रामटेके म्हणून हायेत. पोरीचा बाप यार्डात नोकरीले. ओळखतेस काय?"

 "काहून?" समीक्षानं विचारलं.

"त्या पोरीले भेटाचं होतं मले. दोनदा बसनं गेली. स्टँडवर उतरली अन् तशीच परतली. काय तोंड घेऊन जाऊ?" त्या थांबल्या. "माझा पोरगा गेला. एकुलता एक. त्याले ती पोरगी करायची होती. मी नाही म्हणली. त्यानं मोबाइलमधे फोटो दाखवला, तर मी मोबाइल पालथा करून ठेवला. एकदा पाहिला असता तर काय गेलं असतं माझं?"

समीक्षानं पर्स जवळ ओढली. तिच्या नावाचं कार्ड आत होतं.

"दवाखान्यात पाचव्या दिवशी तो म्हणाला, आई, समीक्षाले फोन कर. माझा ती उचलत नाही, तुझ्या फोनवरून कर. एकदा पाहू दे म्हणाला. मी बाहेर गेली. बाकड्यावर बसली. गोंदियाचे सारे नातेवाईक बसून होते तिथं. मनात आलं, हे लोक काय म्हणतील. अन् खरं सांगू? मनात आलं, ती आली तर हा तिचा होऊन जाईल, माझा नाही राहणार. दहा मिनिटं बसली अन् आत गेली. त्याले सांगितलं, केला फोन. ती येत नाही म्हणते."

पुढे धबधब्याजवळ कोणीतरी आनंदानं ओरडलं. समीक्षानं दगडाची कड दोन्ही हातांनी धरली.

"मले फोन आलाच नाही, काकू," ती म्हणाली. "मी घरीच होती. चरोद्यालेच होती."

सिंधुताईंनी तिच्याकडे पाहिलं. आधी त्यांना समजलं नाही. मग समजलं. त्या एकदम दगडावरून खाली सरकल्या आणि समीक्षाच्या पायांकडे हात नेऊ लागल्या.

"नका करू तसं." समीक्षा मागे सरली.  "मले एवढंच सांगा. तुमी तसं सांगितल्यावर तो काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

"खरं सांगा."

सिंधुताई रडत होत्या. पदर तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "म्हणाला, राहू दे आई, तिले नको त्रास देऊ. मंग पाणी मागितलं. त्याच्यानंतर चार दिवस जगला. कोणाचाबी फोन वाजला का दाराकडे पाहे."

समीक्षानं डोळे मिटले. दोन वर्षं ती स्वतःला सांगत आली होती की त्यानं आपल्याला सोडलं, शेवटी आठवणही काढली नसेल. त्या रागावरच ती उठत होती, कामाला जात होती. आता तो रागही तिच्याजवळ उरला नाही. चरोद्याहून रायपूर तासाभराच्या आत होतं. ती चप्पल घालून, आहे त्या कपड्यांवर गेली असती.

"तुमी त्याले खोटं सांगितलं," ती हळू म्हणाली. "अन् तो ते खरं धरून गेला."

"हो."

"आता ते कोणालेच दुरुस्त नाही करता येत."

"नाही," सिंधुताई म्हणाल्या. मग घाईनं म्हणाल्या, "यायले माहीत नाही. त्याच्या बापाले."

बाबुलाल गोट्यांवरून सांभाळत परत येत होते. पँट घोट्यापर्यंत भिजलेली, मोबाइल उंच धरलेला. "सिंधू, काय पाणी आहे! तू यायला पायजे होतं!" ते ओरडले. जवळ आल्यावर बायकोचा चेहरा पाहून त्यांचं हसू ओसरलं. "पोराची आठवण आली यांना," त्यांनी समीक्षाला हिंदीत समजावलं. "कुठंही गेलं की असंच होतं." मग मोबाइल पुढे करून म्हणाले, "आमचा एक फोटो काढ बेटा."

तिनं फोटो काढला. एक हलला, म्हणून दुसरा काढला.

मग तिनं माणसं मोजली, सगळ्यांना चहा दिला आणि परतीच्या वाटेवर सिंधुताईंचा हात पुन्हा धरला. दगड ओले होते आणि धरणारं दुसरं कोणी नव्हतं. 

दिवे लागायच्या वेळी गाडी सेक्टर सातला पोचली. बाबुलाल पिशव्या घेऊन पुढे गेले. सिंधुताई पायरीवर थांबल्या. "घरी येशील एकदा? त्याची खोली तशीच हाये. तुले जे पायजे ते ने."

"नाही येणार, काकू."

"मले माफ कर म्हणत नाही मी."

"मलेबी माफ केलं म्हणता नाही येणार," समीक्षा म्हणाली. "गुडघ्याले शेक घ्या. आज लई चालल्या तुमी." आणि तिनं दार ओढून घेतलं.

चरोद्याच्या वळणावर तिचे वडील भय्याजी मोटारसायकल घेऊन उभे होते. ड्युटी संपवून तसेच आले होते, अंगात यार्डातलं नारिंगी जॅकेट होतं. "कशी झाली ट्रिप?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुमाले कौस्तुभ माहीत होता?"

भय्याजींनी गाडी सुरू केली नाही. "माहीत होता," ते म्हणाले. "तुह्या मायनं सांगितलं होतं."

"त्यानं मले बोलावलं होतं. शेवटी."

पुढं तिला सांगता आलं नाही. ती मागे बसली, वडिलांच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते. भय्याजींनी गाडी सुरू केली. क्वार्टरचं वळण आलं तरी ते वळले नाहीत. गाडी अगदी हळू चालवत रायपूरच्या रस्त्यानं कुम्हारीच्या दिशेनं पुढे जात राहिले.